येणे बाकी

कर्ज माझं नव्हतंच. मी फक्त जामीन राहिलो होतो.
मेहुण्याचा टेम्पो, पतसंस्थेचा शिक्का,
आणि फॉर्मवर माझी सही, घाईघाईत,
दोन चहांच्या मधे.

त्याला नऊ वर्षं झाली.
मागच्या मंगळवारी कागद आला: येणे बाकी काही नाही.
कुंदाने तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं,
मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, रेशनकार्डाखाली.
सगळ्यांना कळवलं. सासवडच्या आत्याला, मुलीला,
मेहुण्यालाही, त्याने फोन उचलला नाही.

शरीराला कळवायचं राहिलं.

ते अजून तीन वाजून दहा मिनिटांनी उठतं.
पंखा, कुंदाचा श्वास, लांब सोलापूर रोडवर ट्रकचा गिअर.
उठतं आणि वाट बघतं
वसुलीच्या त्या पोराची, जो रात्री कधी आलाच नव्हता.
सकाळी साडेनऊला यायचा, चपला बाहेर काढून,
काका म्हणायचा, पाणी मागायचा.
त्याच्या नम्रपणानेच पोटात गोळा यायचा.

गाडीतळाजवळच्या डॉक्टर तस्नीम बागवान
तोंडात आरसा घालून म्हणाल्या,
दाढा सपाट झाल्यात. झोपेत दात खाता का?
लहानपणी आई म्हणायची जंत झालेत, आणि वावडिंग द्यायची.
नऊ वर्षांचा हिशेब दाढांवर होता
आणि मी रोज सकाळी त्यावरून ब्रश फिरवत होतो.

हडपसरच्या इस्टेटीत मी स्प्रिंगा तपासतो.
मशीन दाबतं, सोडतं, दाबतं, सोडतं,
दहा लाख वेळा,
आणि चांगली स्प्रिंग टिकते, हे नव्या पोरांना खरं वाटत नाही.
पण एखादी असते, दाबून ठेवलेली,
आणि सोडायचं कोणी विसरलेलं.
ती मोडत नाही. टेबलावर ठेवली तर दिसायला धड.
व्हर्नियर लावा: दीड मिलिमीटर कमी.
आम्ही म्हणतो, बसली.
रजिस्टरमध्ये तेवढाच शब्द लिहायचा असतो.

कुंदा म्हणते तुमच्या पँटी खाली लोळायला लागल्यात.

पित्ताची गोळी गुलाबी, रक्तदाबाची पिवळी.
उजवा खांदा कानाशी जाऊन बसलाय,
काहीतरी ऐकू येईल म्हणून.
फोन मुलीचा असला तरी आधी तळवे ओले होतात,
मग नाव दिसतं.
शिफ्टमधला मोकाशी विचारतो, आता कसलं टेन्शन, मिटलं ना?
मिटलं. कागद आहे.

बागवान बाईंनी एकच सांगितलंय:
ओठ मिटलेले, दात सुटे.
काल काळेपडळचं फाटक पडलं तेव्हा करून बघितलं.
मालगाडी सिमेंटची, संपता संपेना.
हेल्मेटच्या आत कोणाला दिसत नाही.
जबडा सोडला. सुटला नाही.
पुन्हा सोडला. कितव्यातरी डब्याला
काहीतरी किंचित खाली आलं,
आणि डोळ्यांत पाणी, उगाच, सिमेंटची धूळ असेल.
फाटक उघडलं. मागच्याने हॉर्न दिला.
खांदा परत कानाशी.

रात्री कुंदाला सांगितलं. ती हसली नाही.
उठली, रेशनकार्डाखालून पिशवी काढली,
म्हणाली, वाचा. जरा मोठ्याने.
मला कशाला, मला माहीत आहे.
तुम्हाला नाही, म्हणाली,
आणि तळहात माझ्या जबड्यावर ठेवला,
पोळी शेकली का बघावी तसा.

वाचलं. जावक क्रमांक. दिनांक.
खातेदाराचं नाव, त्याखाली माझं.
येणे बाकी, म्हणालो,
आणि तिथे जरा थांबलो.